बुर्जाचा बुरूज

जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून जिचा लौकिक आहे, त्या ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफासमोर, ती ४ जानेवारी २०१० रोजी खुली झाल्यापासून, असंख्य मराठी माणसे मान वर करून उभी राहिली असतील. परंतु ज्यांचे पाय लहानपणी सिंहगडाच्या झुंजार बुरुजावर नाचले, त्यांच्यापैकी कितीजणांच्या ध्यानात आले असेल, की समोरच्या नावातील पहिला शब्द आणि आपल्या गडावरचा बुरूज ही दोन निराळी माणसे नसून एकच माणूस दोन वेशांत उभा आहे? हा शब्द ग्रीकातून अरबीत गेला, अरबीतून फारसीत, आणि फारसी दरबाराच्या मागोमाग दख्खनच्या किल्ल्यांवर चढला. अर्थात फारसा फरक पडला नाही. तरी ओळख पटत नाही, याचे कारण अर्थात नसून उच्चाराच्या ठेवणीत आहे. आणि संयुक्त अरब अमिरातीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या मराठी मंडळींना अरबी भाषा जी अगदी परकी वाटते, तिचेही कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, बव्हंशी हेच आहे. शब्दांचे भांडवल त्यांच्यापाशी मुबलक असते. त्या शब्दांची तोडणी, त्यांवरील आघात आणि त्यांची घडण या तीन गोष्टी मात्र त्यांना कोणी सांगितलेल्या नसतात.

प्रथम तोडणी पाहू. एका स्वराच्या आधाराने, एका दमात, जेवढे ध्वनी उच्चारले जातात तेवढ्यांचा शब्दाचा एक अवयव होतो. आपण लिहितो ती अक्षरे आणि आपण बोलतो ते अवयव यांचा हिशेब नेहमी जुळतोच असे नाही: ‘कागद’ हा शब्द कागदावर तीन अक्षरांचा, पण तोंडात ‘का-गद्’ असा दोनच अवयवांचा असतो. अरबी ‘बुर्ज्’ हा तर अवघ्या एका अवयवाचा शब्द, ज्याच्या शेवटी दोन व्यंजने स्वराच्या टेकूवाचून उभी असतात. मराठी जिभेला शब्दान्तीची अशी जोडी सोसवत नाही, म्हणून तिने मध्ये एक ‘ऊ’ बसवला आणि एका अवयवाचे दोन केले. ‘हुक्म्’चा हुकूम आणि ‘मुल्क्’चा मुलूख असाच झाला. गंमत अशी की हा उपरा स्वर मराठीत कधी पूर्ण स्थायिक झालाच नाही: ‘मुलखात’ म्हणताना किंवा पत्त्यांत ‘हुकमी एक्का’ टाकताना तो निघून जातो, आणि ‘बुरुजावर’ म्हणताना निदान आखूड तरी होतो. आपल्याला हा मराठीचा अडाणीपणा वाटण्याचे कारण नाही, कारण आखाती अरब स्वतःही घरगुती बोलीत हेच करतो. ग्रंथातील ‘बह्र्’ म्हणजे समुद्र, तो त्याच्या तोंडी ‘बहर’ होतो, आणि ‘कब्ल्’ म्हणजे पूर्वी, तो ‘गबिल’ होतो. व्याकरणाने बांधलेली अरबी निराळी आणि शारजाच्या मासळीबाजारात ऐकू येणारी अरबी निराळी, हे भान ठेवले म्हणजे पुष्कळ गैरसमज टळतात.

याच देशात, दुबईच्या जुमैरा भागात, ‘मेर्कातो’ या नावाचे, इटलीतील जुन्या शहराच्या धर्तीवर सजवलेले एक व्यापारसंकुल आहे. मेर्कातो म्हणजे इटालियनमध्ये बाजार. अशा ठिकाणच्या उपाहारगृहात बसून नुसते पदार्थांचे पत्रक वाचले तरी इटालियन शब्दरचनेचा पहिला पाठ पुरा होतो, आणि अरबीशी ताडून पाहण्यास तो फार उपयोगी पडतो. ‘स्पागो’ म्हणजे दोरी; तिला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘स्पागेत्तो’ ही बारीक दोरी झाली, आणि तिचे अनेकवचन ‘स्पागेत्ती’ ताटात आले. ‘पाने’ म्हणजे पाव, ‘पानिनो’ म्हणजे छोटा पाव. ‘पित्सा’ जेथे मिळतो ती ‘पित्सेरिआ’. ‘काप्पुच्चो’ म्हणजे अंगरख्याला जोडलेले टोपडे. ते घालणारे भिक्षू ते कापुचिन, आणि त्यांच्या वस्त्राच्या रंगाची कॉफी ती ‘काप्पुच्चिनो’. मूळ शब्द जागचा हलत नाही, प्रत्यय शेपटाकडे वाढत जातात. ही रीत आपल्याला परकी नाही. ‘घर’पासून ‘घरकुल’ आणि ‘माणूस’पासून ‘माणुसकी’ आपण याच मार्गाने करतो.

आपल्याला परका आहे तो आघात. इटालियन शब्दातील एका अवयवावर स्पष्ट जोर पडतो, तेथील स्वर किंचित लांबतो, आणि हा जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अवयवावर असतो: मेर्-का-तो, फेर्-रा-री. प्रत्यय लागला की जोर त्याच्याबरोबर पुढे सरकतो. ‘पित्सा’मध्ये तो पहिल्या अवयवावर असतो, ‘पित्सेरिआ’त ‘रि’वर जाऊन बसतो. मराठीत जोर इकडचा तिकडे झाल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इटालियनमध्ये मात्र ‘कापितानो’ हा एकच अक्षरसमूह पहिल्या अवयवावर जोर देऊन उच्चारला तर ‘घडतात’, तिसऱ्यावर दिला तर ‘कप्तान’, आणि अखेरच्यावर दिला तर ‘त्याने नेतृत्व केले’ असे तीन अर्थ देतो. आणि लेखनात आघाताचे चिन्ह सक्तीचे असते ते फक्त या तिसऱ्या जातीच्या शब्दांत. अबुधाबीच्या यास बेटावरील फेरारीच्या क्रीडानगरीत जाणारे आपले लोक पहिल्या ‘फे’वर सगळी भिस्त ठेवून मोकळे होतात, त्यात ‘रा’वरचा जोरही हरवतो आणि दुहेरी ‘र’ही.

हा दुहेरी व्यंजनाचा मुद्दा वरवर क्षुल्लक दिसतो, पण इटालियन आणि अरबी या दोन्ही भाषांत तो जीवनमरणाचा आहे. इटालियनमध्ये ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. अरबीत ‘हम्माम’ म्हणजे स्नानगृह आणि ‘हमाम’ म्हणजे कबुतरे. मराठीने ‘हमामखाना’ करताना एक ‘म’ गाळला, त्यामुळे अमिरातीत एखाद्या सभ्य मराठी गृहस्थाने प्रवासात घाईने ‘हमाम कुठे आहे’ असे विचारले, तर शब्दशः तो पारव्यांची चौकशी करीत असतो. ऐकणारा अरब समजून घेतो, हे त्याचे सौजन्य.

मराठीने गाळलेल्या या दुहेरी व्यंजनातच अरबी शब्दघडणीचे मर्म आहे. अरबीत बहुतेक शब्दांचा पाया तीन व्यंजनांचा असतो. अर्थाचे बीज त्या तीन व्यंजनांत. आणि त्यांच्या मधूनमधून कोणते स्वर घालावेत, कोणते व्यंजन दुप्पट करावे, मागेपुढे काय जोडावे, हे ठराविक साच्यांनी ठरते. या साच्याला अरब वैयाकरण ‘वज़न’ म्हणतात, म्हणजे आपल्या किराणा दुकानातले तेच वजन. एक वजन असे: पहिल्या व्यंजनानंतर ‘अ’, मधले व्यंजन दुप्पट, त्यानंतर दीर्घ ‘आ’. या वजनात जो धातू घालावा, तो काम करणारा व्यावसायिक बाहेर पडतो. ओझे वाहणारा हम्माल, सौदा दाखवणारा दल्लाल, नाणी पारखून बदलून देणारा सर्राफ, किरकोळ माल विकणारा बक्काल. आमच्या बाजारपेठेतील हमाल, दलाल, सराफ आणि बकाल हे चौघे एकाच साच्यातून निघालेले सख्खे भाऊ आहेत, हे त्यांच्या अंगावरचे दुहेरी व्यंजन उतरवल्यामुळे आपल्याला दिसत नाही. एका जल्लादाने तेवढे ते जपून ठेवले आहे. अमिरातीत गल्लीच्या तोंडावरील वाणसामानाच्या दुकानाला ‘बकाला’ म्हणतात, आणि ज्या दुकानांतून दर महिन्याला मनीऑर्डरीसारखे पैसे गावी पाठवले जातात, त्यांच्या अरबी पाट्यांवर ‘सिराफा’ हा शब्द असतो. मराठीत मात्र बिचाऱ्या बकालाची अशी अधोगती झाली, की दुकानदार विसरून लोक त्याचे नाव घाणेरड्या वस्तीला लावू लागले.

दुसरे एक वजन ‘म’काराने सुरू होते आणि स्थळ दाखवते. दाखल होण्याची जागा ‘मद्खल’, बाहेर पडण्याची जागा ‘मख्रज’. हे दोन शब्द अमिरातीतील दारोदार आणि हमरस्त्यांच्या फाट्यांवर लिहिलेले आढळतात, आणि ज्याने तलाठ्याच्या कचेरीत दाखला मागितला आहे, किंवा ज्याचा अर्ज कधीकाळी खारीज झाला आहे, त्याला ते समजण्यास कोशाची गरज पडू नये. आपला खर्चही याच धातूचा; बाहेर जातो तो. लिहिण्याची जागा ‘मक्तब’ म्हणजे कचेरी. शिजवण्याची जागा ‘मत्बख’, आणि या शब्दाच्या पाट्या लग्नकार्याचे भात आणि मांस रांधून देणाऱ्या मुदपाकखान्यांवर शारजापासून रास अल खैमापर्यंत सर्वत्र दिसतात. मी मुदपाकखाना हा शब्द येथे मुद्दाम योजला. तो ‘मत्बखखाना’ याचाच अपभ्रंश आहे. मराठी माणसाला ‘तबख’ कळेना, स्वयंपाक मात्र कळत होता, म्हणून त्याने मधोमध संस्कृत ‘पाक’ घालून शब्द पचवून टाकला.

तिसरे वजन तर आपल्या सरकारी भाषेचा कणाच होते. तहसील, तपशील, तालीम, तजवीज, तारीफ: हे पाच शब्द सावकाश म्हणून पाहिले तर आरंभीचा ‘त’ आणि मधली दीर्घ ‘ई’ सर्वांत समान आढळेल. क्रियेला नाम करण्याचे हे वजन आहे. अमिरातीच्या शिक्षण मंत्रालयाच्या अरबी नावात ‘तालीम’ आहे; आमच्याकडे ती आखाड्यात जाऊन बसली. नोकरीसाठी तेथे गेलेल्या मराठी तरुणांना अलीकडे ज्या धोरणाची धास्ती वाटते, ते स्थानिक नागरिकांना नोकऱ्यांत अग्रक्रम देण्याचे धोरण ‘तौतीन’ या नावाने ओळखले जाते. शब्द अनोळखी वाटतो, पण वजन तहसीलचे आणि धातू वतनाचा आहे. अरबीत वतन म्हणजे जन्मभूमी, मराठीत वतन म्हणजे वंशपरंपरेचा हक्क. तौतीनचा व्यवहारातील अर्थ पाहिला तर दोन्ही त्यात बसतात.

सर्वांत मनोरंजक पाटी मला तेथील टंकलेखन-केंद्रांवरची वाटते. व्हिसा, करारनामे, परवाने यांचे अर्ज अरबीत भरून देणारी ही छोटी दुकाने कारकुनी वस्तीत जागोजाग असतात, आणि त्यांच्यावर पुष्कळदा ‘तख्लीस मुआमलात’ असे लिहिलेले असते. ‘मुआमला’ म्हणजे व्यवहार, प्रकरण. आपला मामला, आणि तो सांभाळणारा मामलेदार. ‘तख्लीस’ हे पुन्हा तहसीलच्या वजनाचे नाम, आणि त्याचा धातू खलास, खुलासा यांचा. तेव्हा त्या दुकानदाराचे सारे म्हणणे एवढेच, की तुमचे मामले मी खलास करून देतो. तेथून कागद नोटरीकडे जातो, त्याचे अरबी नाव ‘कातिब अल-अद्ल’. यातील पहिला शब्द किताबाच्या घरचा, दुसरा अदालतीच्या. आणि मुखत्यारपत्राला म्हणतात ‘वकाला’, म्हणजे वकिलाचीच कुळी. नोकरीच्या मुलाखतीला अरबीत ‘मुकाबला’ म्हणतात, हे मात्र उमेदवाराला आधी न सांगितलेले बरे.

अनेकवचनाचा प्रकार आणखी चमत्कारिक. इटालियन माणूस शेवटचा स्वर बदलून अनेकवचन करतो. अरब शब्दाच्या पोटातले स्वरच उलथून टाकतो. हालचे अहवाल, खबरेचे अखबार, बाबचे अबवाब, अमीराचे उमरा. मराठीने या जोड्यांतील दोन्ही शब्द घेतले, पण नाते न ओळखता, त्यामुळे ‘अहवाल’ हे एकवचन झाले आणि ‘अमीर-उमराव’ म्हणताना आपण एकाच माणसाला एकदा एकटा आणि एकदा घोळक्याने बोलावतो. शेपटाला ‘आत’ जोडून होणारे सरळ अनेकवचनही आहे: अमीराच्या सत्तेखालचा प्रदेश ‘इमारा’, आणि असे प्रदेश एकत्र येऊन २ डिसेंबर १९७१ रोजी जे राज्य झाले ते ‘इमारात’. रास अल खैमा त्यात १० फेब्रुवारी १९७२ रोजी सामील झाले, आणि सातांची संख्या पुरी झाली.

आता आघात. अरबीत तो कोठे पडावा हे अवयवाच्या भारावरून ठरते, आणि ज्याने शाळेत लघुगुरू मांडून वृत्ते ओळखली आहेत, त्याला हा नियम पाच मिनिटांत कळावा. शेवटचा अवयव दीर्घ स्वर आणि वर व्यंजन असा अतिभारी असेल तर जोर त्यावर. तो तसा नसेल आणि त्याच्या मागचा गुरू असेल तर त्यावर. तोही लघू असला तर आणखी एक पाऊल मागे. म्हणून ‘हाकिम’ म्हणजे न्यायाधीश अथवा अंमलदार, त्यात जोर ‘हा’वर, आणि ‘हकीम’ म्हणजे शहाणा, वैद्य, त्यात जोर ‘कीम्’वर. धातू एकच, हुकुमाचा. न्यायालय ते ‘मह्कमा’, जोर आरंभी. त्याचे अनेकवचन ‘महाकिम’, जोर मध्ये. आणि दुबईच्या न्यायालयांच्या पाटीवर हेच अनेकवचन आहे. खुद्द त्या शहराचे नाव अरबी उच्चारात ‘दु-बय्य्’ असे दोन अवयवांचे, सगळा भार अखेरीस. आपण त्याचे ‘दु-ब-ई’ असे तीन हलके तुकडे केले. अबुधाबीतील ‘ध’ तर ना अरबीचा ना मराठीचा. मूळ ‘ज़बी’ म्हणजे हरिण, त्यातील खास अरबी व्यंजन इंग्रजांनी दोन रोमन अक्षरांत लिहिले, आणि आपण ती दोन अक्षरे आपल्या बाराखडीप्रमाणे वाचली.

जुन्या अरब वैयाकरणांनी आघाताविषयी जवळजवळ मौन पाळले आहे. वास्तविक आठव्या शतकात बसऱ्यात राहिलेला, परंतु ओमानच्या अज़्द कुळातला खलील इब्न अहमद याच्यासारखा ध्वनींचा पारखी क्वचितच झाला असेल. त्याने अरबी वृत्तशास्त्र बांधले, आणि आपल्या शब्दकोशात धातूंची मांडणी रूढ वर्णानुक्रमाने न करता, आपल्या मराठी वर्णमालेप्रमाणे कंठापासून ओठांकडे येणाऱ्या क्रमाने केली. कंठातील सर्वांत खोलचा म्हणून त्याने जो वर्ण पहिला धरला, तो ‘ऐन’, आणि त्यावरूनच कोशाला नाव मिळाले. ऐन म्हणजे डोळा, झरा, आणि वस्तूचे सारभूत रूपही. अमिरातीतील अल ऐन हे झऱ्यांचे शहर, आणि ऐन दिवाळीत म्हणताना आपण वापरतो तोही तोच. खलीलची वृत्ते फारसीमार्गे मराठीत आणण्याचे श्रेय माधव जूलियनांकडे जाते. ज्यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, तेच पुढे भाषाशुद्धीचे कैवारी व्हावेत, याचे काहींना नवल वाटते. मला वाटत नाही. परका शब्द कोणत्या घरचा, हे ज्याला नेमके ठाऊक आहे, त्यालाच तो घरी पाठवावा की ठेवून घ्यावा याचा विचार करता येतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश रचणाऱ्या रघुनाथ पंडितांपाशीही हीच जाण होती. मजमू म्हणजे गोळा झालेला हिशेब, तो राखणारा मुजुमदार, हे कळले म्हणून त्याच्या जागी अमात्य बसवता आला.

अरबी साचा इतका बळकट आहे, की परका शब्दही त्यातून सुटत नाही. इटालियन ‘बांको’ म्हणजे बाक, सराफाचा फळा; त्यावरून आलेला ‘बँक’ अरबीत तीन व्यंजनांचा धातू समजला गेला आणि त्याचे अनेकवचन ‘बुनूक’ झाले. ग्रीक द्राख्मा ‘दिरहम’ होऊन आला, तर त्याचे ‘दराहिम’ झाले. उलट इटालियनने अरबी शब्द घेतले ते अख्खेच गिळले आणि त्यांना आपले शेपूट व आपला आघात दिला: दीवानचे ‘दोगाना’ म्हणजे जकातनाके, मख्ज़नाच्या अनेकवचनाचे, म्हणजे खजिन्याच्या भाऊबंदाचे, ‘मागाद्झीनो’ म्हणजे कोठार, आणि कारागिरीचे घर या अर्थाच्या ‘दार सिनाआ’चे व्हेनिसमधील जहाजबांधणीचे ‘आर्सेनाले’. तोच सिनाआ शब्द शारजा आणि अल ऐन येथील औद्योगिक वसाहतींच्या नावात आहे, आणि तेथे वाहने दुरुस्त करणारे कामगार, मराठी असोत वा मल्याळी, ‘सनाया’ला जातो असे सहज म्हणतात. कोठाराचा शब्द पुढे इंग्रजीत गेला, १७३१ साली लंडनमध्ये एका नियतकालिकाने तो आपल्या नावात घातला, आणि वाचक हा मजकूर ज्यात वाचीत आहेत, त्या मॅगझिनालाही तो पुरला.

अमिरातीतील खाजगी शाळांत, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा धरून, अरबी हा विषय सक्तीचा आहे, त्यामुळे तेथील मराठी मुले हे सारे पहिल्या हाताने शिकतात, आणि पालकांना मात्र पाट्या वाचता येत नाहीत. मुलांची खरी अडचण वरच्या वर्गात सुरू होते. प्राथमिक पुस्तकांत ऱ्हस्व स्वरांची आणि दुहेरी व्यंजनाची चिन्हे छापलेली असतात. पुढे ती गळतात, आणि रस्त्यावरच्या पाटीवर तर नसतातच. ‘ह-म-अ-म’ एवढेच समोर असते. हम्माम की हमाम हे वाचणाऱ्याने प्रसंग आणि वजन पाहून ठरवायचे. मोडीचे कागद लावणाऱ्यांना हा व्यवहार परिचयाचा आहे, कारण मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळलेला नसतो, आणि ओळ लागते ती शब्द आधीच ठाऊक असल्यामुळे. अशा पालकांनी मुलाच्या वहीतील धातूंची यादी घेऊन त्यापुढे दाखला, खर्च, मामला, वतन, हुकूम, अहवाल असे आपले शब्द लिहीत जावे. पहिल्या चार-पाच पानांत कोरी ओळ फारशी राहणार नाही.